पोहता येतं म्हणे!

मराठीत काही वाक्यं अशी आहेत की ती एकदा उच्चारली की पुढचा विचार बंद पडतो. "काही होत नाही हो", "आमच्या वेळी कुठं होतं असलं", "देवाची मर्जी"... आणि या सगळ्यांची थोरली बहीण म्हणजे "आम्हाला पोहता येतं!"

या थोरल्या बहिणीशी माझं भांडण आहे, आणि ते आज इथं मांडायचं ठरवलंय. घरची मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे. त्यांतल्या काहींना लागेल हेही ठाऊक आहे. लागू दे. चाळीस वर्षांच्या नोकरीत कान पिळायची सवय लागली, आता हात पोचत नाही म्हणून लिहून पिळते, इतकंच.

तर मुद्दा असा. घरातली तरुण मंडळी, म्हणजे भाचे, पुतणे, दोन नातवंडं आणि एक नवी सून धरून नऊ जण, येत्या डिसेंबरात कोयनेच्या पाण्यावर जाणार आहेत. तापोळ्याच्या बाजूला काठावर तंबू ठोकायचे, कयाक भाड्याने घ्यायच्या आणि दोन दिवस शिवसागरात वल्हवत हिंडायचं. (कयाक म्हणजे अरुंद, एका-दोघांची होडी. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात.) बेत उत्तम आहे. माझे गुडघे धड असते तर मीच पहिल्या होडीत बसले असते. मी ग्रुपवर फक्त तीन प्रश्न विचारले. जॅकेटं किती आहेत? दोरी कोण घेतंय? बुडालेल्याला श्वास द्यायला कुणाला येतं?

उत्तरं आली ती अशी. "आत्या, टेन्शन घेऊ नका." "आम्हाला पोहता येतं." "तिथले लोक असतात की." "जॅकेट घातल्यावर फोटो काय डोंबल येणार?" आणि शेवटी हात जोडल्याचं एक चित्र. नऊ जणांत तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर नाही. वर्गात असा पेपर आला असता तर मी शून्य दिलं असतं आणि वर पालकांना बोलावलं असतं. इथं पालकही त्याच ग्रुपवर आहेत आणि अंगठे दाखवतायत!

म्हणून ही उत्तरं एकेक घेऊन तपासते.

पहिलं, "पोहता येतं". कुणाला येतं हो? नीट बघा, हे वाक्य नेहमी पुरुष बोलतात. होडीत मात्र सगळे बसतात. आपल्याकडच्या मुलांना विहिरीत ढकलून का होईना, पोहायला शिकवतात. मुलगी जरा मोठी झाली की तिचं विहिरीवर जाणं बंद. माझ्या पिढीतल्या किती बायकांना पोहता येतं, मोजून बघा. सुनेला येतं का हे कुणी विचारलं? ग्रुपवर तरी मला दिसलं नाही. म्हणजे एकाने "आम्हाला येतं" म्हणायचं आणि बुडायचं दुसऱ्याने.

ब्रह्मनाळ विसरलात का? आमची येरळा जिथं कृष्णेला मिळते ते हे गाव, पलूस तालुक्यातलं. ऑगस्ट २०१९ चा महापूर. सांगलीला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि तेव्हा पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ८ ऑगस्टला गावातली माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि १७ जण गेले. त्यांत बायका आणि लहान मुलं पुष्कळ होती. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं होती आणि अंगावर जॅकेटं नव्हती. ती माणसं काही सहलीला निघाली नव्हती. घर बुडत होतं, जीव वाचवायला मिळेल त्या बोटीत बसली. त्यांना बोल लावायची माझी छाती नाही. पण जे नाइलाजाने जॅकेटाविना पाण्यात गेले, त्यांच्याच जिल्ह्यातली पोरं हौसेने जॅकेटाविना पाण्यात जाणार असतील, तर त्यांना बोल लावायला मी मोकळी आहे.

दुसरं उदाहरण उजनीचं. २१ मे २०२४. कुगाव ते कळाशी या नेहमीच्या वाटेवर, भीमेच्या धरणाच्या पाण्यात, वादळी वारा सुटला आणि बोट उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान लेकरं होती. पोहता येण्याचा उपयोग नाही असं मी म्हणतच नाही. उपयोग आहेच, एकाचा जीव वाचला. पण एकाचं पोहणं दुसऱ्याच्या कामी येत नाही, आणि जॅकेट मात्र ज्याच्या त्याच्या अंगावर असतं. हा फरक ज्याला कळला त्याला पुढचं काही सांगायला नको.

शिवसागर हेही तसंच मोठं पाणी आहे. धरण साधारण १०५ टीएमसीचं, पाणी दऱ्यांमध्ये लांबवर पसरलेलं. काठ बरेच ठिकाणी तीव्र उताराचे, पाऊल टाकलं की खोल. डोंगरांच्या मधून वारा सुटला की सपाट दिसणाऱ्या पाण्यावर लाटा उठतात. पोहणाऱ्यालाही गार पाण्यात अचानक पडल्यावर पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, त्या वेळी तोंड पाण्याखाली असलं तर तो श्वास पाण्याचाच. डोक्याला होडीची कड लागली, पायात गोळा आला, अंगावर जीन्स आणि बूट असले, तर विहिरीतलं पोहणं कुठल्या कुठं जातं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. अर्ध्या तासाने हाताची बोटं दोरी धरायला नकार देतात. पोहायला हातच लागतात ना?

आणि नदीवर जाल तर बंधारा. आपल्याकडं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे जागोजाग आहेत. पावसाळ्यानंतर बरगे घातले की वरच्या बाजूला पाणी कसं शांत, आरशासारखं! होडीतून बघितलं तर पुढं बंधारा आहे हेही लवकर कळत नाही. पाणी भिंतीवरून पडतं तिथं खाली ते उभं गरगरतं आणि पृष्ठभागावरचं पाणी पुन्हा भिंतीकडंच परत येतं. त्यात सापडलेली होडी, ओंडका, माणूस, सगळं पुन्हा पुन्हा भिंतीकडं ओढलं जातं. पट्टीचा पोहणारासुद्धा तिथं दमतो. म्हणून बंधारा दिसला की लांबच काठाला लागायचं, होडी उचलून चालत पलीकडं न्यायची. यात कमीपणा कसला?

आता एक गंमत सांगते. जॅकेटाची लाज वाटणाऱ्या या पोरांच्या आज्यांना पोहायला कसं शिकवलं? पाठीला सुका भोपळा बांधून, नाहीतर पत्र्याचा डबा बांधून. विहिरीत उतरायच्या आधी दोन-दोनदा गाठ बघायची. नंतर ट्रॅक्टरची ट्यूब आली. आपली माणसं पुरात गुळाच्या काहिलीत बसूनसुद्धा पलीकडं गेली आहेत, पण हातात वल्हं घेणारा माणूस नदी ओळखणारा असायचा, आणि त्याने "आज नको" म्हटलं की नको. म्हणजे "पूर्वीचे लोक काय जॅकेट घालत होते?" याचं उत्तर "होय, घालत होते" असं आहे! त्याला भोपळा म्हणत. चांगलं जॅकेट साधारण ७ किलो वजन तरंगवतं, म्हणजे आपलं डोकं आणि तोंड पाण्याबाहेर राहायला पुरेसं. भोपळ्याचीच सुधारलेली आवृत्ती. फक्त भोपळा पाठीला बांधत होतो आणि जॅकेट होडीच्या तळाशी टाकतो.

होय, हीच तर आपली खरी खोड. जॅकेट "आहे" म्हणायचं आणि ते पायाखाली, नाहीतर बसायला उशी म्हणून! होडी उलटताना कुणी "एक मिनिट थांब, पट्टा लावतो" म्हणत नाही. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालून बघा एकदा, उथळ पाण्यात, गंमत म्हणून. दहा मिनिटं झटलात तरी बहुतेकांना जमणार नाही. अमेरिकेत दर वर्षी होड्यांच्या अपघातांची मोजदाद होते. तिथं बुडून गेलेल्या १०० जणांपैकी साधारण ८५ जणांच्या अंगावर जॅकेट नसतं. आता त्या होड्यांत जॅकेटं नव्हतीच असं नाही. बऱ्याच होड्यांत होती, अंगावर नव्हती. जॅकेट काठावर घालायचं. सगळे पट्टे लावायचे, मग दुसऱ्याने खांद्याला धरून वर ओढून बघायचं. कानापर्यंत वर आलं तर ढिलं आहे. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घालायचं नाही, मूल त्यातून खाली सरकतं. एवढंच. यासाठी पदवी लागत नाही.

"फोटो चांगला येत नाही" यावर मी काही लिहीत नाही. फोटो भिंतीवर लावायचा की पेपरात छापून यायचा हे ज्याने त्याने ठरवावं.

दुसरं उत्तर, "तिथले लोक असतात की". असतात ना. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावातही होते. शाळेची सहल, पैसे भरलेले, बोट चालवणारे हजर. बोटीत झेपतील त्याच्या दुपटीच्या आसपास माणसं कोंबली, थोड्यांनाच जॅकेटं दिली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या शिक्षिकांचा विचार माझ्या मनातून जात नाही. वर्गात हजेरी घेताना ज्या मुलांची नावं रोज उच्चारली, त्यांच्याबरोबर त्या गेल्या. म्हणून सगळ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना माझं सांगणं आहे : बोटीवाल्याला "किती माणसांची बोट आहे?" हा प्रश्न विचारायला लाजू नका. एक मूल जास्त होत असेल तर दोन खेपा करा. उशीर झाला, मुख्याध्यापक रागावले, तर रागावू देत.

कायदे नाहीत असंही नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये बोटींच्या सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा आला. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि असे खेळ चालवणाऱ्यांना नोंदणी सांगितली. कागद चांगले आहेत. पण कागद तरंगतो खरा, त्याला धरून माणूस तरंगत नाही! कोयनेच्या आडवळणाला प्रत्येक होडीजवळ कुणी अधिकारी उभा राहणार नाही. तिथं अधिकारी तुम्हीच. नोंदणी दाखवा म्हणायचं, जॅकेटं आधी बघायची, फाटकी, फोम कुजलेली असतील तर पैसे परत घ्यायचे. आपण भाजीवाल्याची मेथीची जुडी उलटीपालटी करून बघतो, आणि जीव ज्याच्यावर ठेवायचा ते जॅकेट बघत नाही?

तिसरं उत्तर, हात जोडलेले. मी श्रद्धाळू आहे, तासगावच्या गणपतीच्या रथाचा दोर वर्षानुवर्षे धरलाय. त्यामुळे या बाबतीत मला कुणी नास्तिक म्हणायचं कारण नाही. पण देवावर टाकणाऱ्यांनी एकदा नृसिंहवाडीला पावसाळ्यात जाऊन बघावं. कृष्णा-पंचगंगेचं पाणी देवळात शिरतं, दक्षिणद्वार होतं, लोक स्नानाला येतात. आणि पाणी आणखी चढायला लागलं की पुजारी काय करतात? उत्सवमूर्ती वर सुरक्षित जागी हलवतात. दत्त महाराजांच्या सेवेकऱ्यांनासुद्धा पाण्याची पातळी बघून आधीच तयारी करावीशी वाटते, आणि तुम्हाला वाटत नाही? ती खरी भक्ती, ही नुसती आळशीपणाला लावलेली हळद.

आता माझा तिसरा प्रश्न, ज्याला सगळ्यांनी बगल दिली. श्वास द्यायला कुणाला येतं?

हिशेब करा. श्वास बंद पडला की साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, चांगली सोय आहे. पण तापोळ्याहून महाबळेश्वर पंचवीसेक किलोमीटर, तेही घाटाने. बामणोलीहून सातारा पस्तीसेक. मोबाईलला रेंज मिळाली तर. चार मिनिटं आणि एक तास, यांच्यामध्ये जो कोणी काठावर उभा असेल तोच डॉक्टर. म्हणजे तुमच्या नऊ जणांपैकीच कुणीतरी.

आणि आपल्या लोकांना काय येतं? बुडालेल्याला उलटा धरून झटकायचा. पोट दाबून पाणी काढायचं. पूर्वी कुंभाराच्या चाकावर पालथा घालून गरगर फिरवत. आणि आता व्हॉट्सअॅपवर तो मिठाचा संदेश फिरतोय, की बुडालेल्याला मिठात पुरून ठेवा, जिवंत होतो. मला तो शिकल्यासवरल्या चार जणांनी पाठवला! मंडळी, हे सगळं साफ खोटं आहे. पोट दाबल्याने पोटातलं अन्नपाणी वर येऊन श्वासनळीत जातं, आणि मोलाची मिनिटं फुकट जातात. मिठाने तर काहीच होत नाही, फक्त घरच्यांना खोटी आशा लागते आणि दवाखाना लांबतो.

खरं काय करायचं ते लिहिते. माणसाला कठीण जागेवर उताणं निजवा. हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर एकाला मदत बोलवायला पाठवा आणि लगेच सुरू करा. कपाळावर हात ठेवून डोकं मागं, हनुवटी वर. नाक चिमटीत धरा, आपलं तोंड त्याच्या तोंडावर घट्ट लावा आणि छाती उठेल इतका श्वास आत सोडा. युरोपातल्या पद्धतीत असे सुरुवातीला पाच श्वास देतात, अमेरिकेतल्या पद्धतीत दोन. मग छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून ३० वेळा दाबा, मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर तरी खाली गेली पाहिजे, वेग मिनिटाला १०० ते १२०. पुन्हा दोन श्वास. पुन्हा ३०. तोंडाला फेस येत राहिला तरी तो पुसत बसू नका. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू. मदत येईपर्यंत, किंवा तो श्वास घेईपर्यंत थांबायचं नाही. दमलात तर पाळी बदला.

हृदयविकारात नुसती छाती दाबली तरी चालते असं तुम्ही ऐकलं असेल. बुडालेल्याचं तसं नाही. त्याचं हृदय थांबतं ते हवा न मिळाल्याने, म्हणून त्याला आधी हवाच द्यायची. आणि शुद्धीवर आला, बोलायला लागला, तरी दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

पण हे वाचून येत नाही हो. पोळी लाटायची कृती वाचून पोळी गोल होते का? रेड क्रॉस आणि सेंट जॉन अॅम्ब्युलन्स या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. बाहुल्यावर छाती दाबायचा सराव करून घेतात. नऊ जणांपैकी निदान तिघांनी तो केल्याशिवाय निघू नये असं माझं मत आहे. तिघे का? कारण बुडणारा त्या तिघांपैकीच एक असू शकतो!

दोरीचा प्रश्न राहिला. आपल्याकडच्या बातम्या आठवा. एक जण घसरला, त्याला वाचवायला दुसरा उतरला, दोघांसाठी तिसरा... आणि एका घरातले तीन गेले. बुडणारा माणूस वाईट नसतो, पण तो हाताला लागेल त्याच्या गळ्याला मिठी मारतो. २३ मे २०२४ ला प्रवरा नदीत, अकोले तालुक्यात सुगावजवळ, बुडालेल्यांना शोधायला गेलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. शिकलेली, सराव केलेली माणसं ती. त्यांच्यापुढं मान लवते. पाण्याने त्यांचीही गय केली नाही, तर तुमची करेल?

म्हणून क्रम पाठ करा. आधी काठावरूनच काहीतरी पुढं करा : वल्हं, काठी, ओढणी, साडी. नाही पोचलं तर फेका : दोरी, रिकामा बंद कॅन, ट्यूब. तेही नाही जमलं तर होडी घेऊन जा. उडी सगळ्यात शेवटी, आणि जॅकेटाशिवाय कधीच नाही. त्यासाठी पंधरा-वीस मीटरची तरंगणारी दोरी प्रत्येक होडीत हवी, आणि ती फेकायचा सराव अंगणात करायला हवा. कयाक उलटली तर ती सोडून काठाकडं पोहत सुटू नका. उलटी होडीही तरंगते, तिला धरून राहा, लांबून तीच दिसते. वाहत्या पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करू नका, दगडांत पाय अडकतो. उताणं व्हा, पाय पुढं आणि वर. जॅकेटाला शिट्टी बांधा, ओरडून ओरडून घसा बसतो, शिट्टीचा बसत नाही.

औषधांचं म्हणाल तर एक आट्यांच्या झाकणाची प्लॅस्टिकची बरणी पुरते. त्यात पट्ट्या, कापूस, जंतुनाशक, ताप-दुखीच्या गोळ्या, मीठ-साखरेची पुडी, कात्री, विजेरी. दम्याचा पंप, साखरेची गोळी, ज्याचं त्याचं रोजचं औषध दोन दिवस जास्तीचं. एक सुकं ब्लँकेट, एक कोरडा कपड्यांचा जोड, वेगळ्या पिशवीत बांधून. कोयनेचं रान सापांचंही आहे. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. हात-पाय न हलवता होडीने काठाला आणि गाडीने दवाखान्यात. आणि बरणी एकाच होडीत ठेवून ती होडी पुढं निघून गेली असं करू नका.

शेवटची गोष्ट, ज्याला एक पैसा लागत नाही. निघताना काठावरच्या माणसाकडं एक चिठ्ठी ठेवा : किती जण, कोण कोण, कुठवर जाणार, किती वाजता परतणार, नाही परतलो तर कुणाला फोन. आणि दर थांब्यावर हजेरी. हसू नका. हजेरी म्हणजे नुसता शाळेचा उपचार नव्हे, कोण नाही हे पहिल्या मिनिटाला कळण्याची ती सोय आहे.

कुणी म्हणेल, "बाई, तासगावच्या दुष्काळी मातीत बसून पाण्याच्या गप्पा कशाला?" तर ऐका. पाणी आता आपल्या दारात आलंय. द्राक्षबागेच्या कडेला शेततळी झाली आहेत, आत प्लॅस्टिकचा कागद. तो कागद ओला झाला की शेवाळाने गुळगुळीत होतो. आत पडलेल्याला धरायला कडा नाही, पाय रोवायला माती नाही. पट्टीचा पोहणाराही कागदावरून वर चढू शकत नाही. तिथं उपाय काय? चारी बाजूंनी आत सोडलेली गाठींची दोरी, काठाला बांधलेली ट्यूब, भोवती कुंपण. औषधफवारणीवर हजारो रुपये जातात, ही दोरी शंभर-दोनशेची. किती शेततळ्यांवर आहे, जरा फिरून मोजा. आणि पडलेल्याला बाहेर काढल्यावर पुन्हा तेच : आधी श्वास.

देशात दर वर्षी ३५ हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला. आपल्या शाळांत दिवस साजरे करायची कमतरता नाही, भाषणं होतात, हार घालतात. माझं म्हणणं इतकंच, की या एका दिवशी भाषण नको. आठवी-नववीच्या मुलामुलींना, हो, मुलींनासुद्धा, मैदानावर दोरी फेकायला लावा, जॅकेटाचे पट्टे लावायला लावा आणि बाहुल्याला श्वास द्यायला शिकवा. एक तास लागेल. ज्या शाळेला बाहुला परवडत नसेल त्यांनी मला कळवावं, निवृत्त शिक्षक मंडळी मिळून वर्गणी काढू. पहिली पावती माझ्या नावाची फाडा.